नॉर्वेचा दाखला देताना

पुण्यात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की दोन मिनिटांत नॉर्वे येतो. "तिकडे उणे वीसमध्ये गाड्या पळतात, मग आपल्याकडे कसली अडचण?" असं एक जण म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, धरणांची वीज आहे. आपण कोळसा जाळून गाडी चार्ज करणार, त्याचा काय उपयोग?" सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या दादाला जुनी पेट्रोल गाडी बदलायची आहे आणि मी ऑस्लोत राहते, म्हणून घरच्या या वादात माझं मत हटकून विचारलं जातं. थंडी आणि तेल यांवर बोलण्यात आपण फार वेळ घालवतो, असं माझं मत आहे. नॉर्वेकडून घ्यायची गोष्ट पार्किंगमध्ये आहे.

आधी इतिहास थोडक्यात. 1989 मध्ये आ-हा या बँडचा गायक मोर्टन हार्केट आणि बेलोना या पर्यावरण संघटनेचे फ्रेडरिक हाउगे यांनी इलेक्ट्रिक करून घेतलेली एक छोटी फियाट पांडा नॉर्वेत आणली आणि टोल भरायला चक्क नकार दिला. दंड साचत गेले, गाडी जप्त झाली, पण विषय लोकांच्या तोंडी राहिला. पुढे 1990 मध्ये अशा गाड्यांचा खरेदीकर माफ झाला, 1997 मध्ये टोल, 2001 मध्ये 25 टक्के व्हॅट. सरकारं बदलली तरी सवलती टिकल्या. 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, त्यामागे ही पस्तीस वर्षं आहेत. पेट्रोल गाडीवर मात्र वजनाप्रमाणे आणि धुराप्रमाणे जबर कर कायम राहिला. दुकानात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या की किमतीतच निकाल लागायचा.

आता त्या सवलती एकेक करून काढल्या जातायत. 2023 मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर व्हॅट लागू झाला, आता टोलही भरावा लागतो. मला हे योग्य वाटतं. म्हणूनच महाराष्ट्राने 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला, तेव्हा वाईट वाटलं. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला सरकारी मदतीची गरज नसते.

दादाचा हिशेब बघू. महिन्याला हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला पंधरा देते आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे सात हजारांच्या आसपास खर्च. इलेक्ट्रिक गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिट धरले आणि घरची वीज दहा रुपये युनिट धरली, तर सोळाशे. वर्षाला साठ हजारांहून जास्त वाचतात. गाडीची किंमत तीन लाखांनी जास्त असली तरी महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ असल्यामुळे लाखभर तिथेच परत येतात आणि उरलेला फरक तीन-चार वर्षांत फिटतो. अर्थात सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून हा फरक पुन्हा वाढला आहे.

हाच दादा रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर गेला तर युनिट वीस रुपयांच्या वर जातं. बचत तीन-साडेतीन हजारांवर येते आणि प्रत्येक वेळी तासभर थांबणं आलं. महिन्याला चारशे किलोमीटरच गाडी फिरत असेल तर घरी चार्ज करूनही पैसे वसूल व्हायला आठ-दहा वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी संपत आलेली असेल. अशा माणसाने आहे ती गाडी नीट सांभाळावी, हे मी मनापासून सांगते. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला विकताना काय भाव येईल याचाही भरवसा धरू नये. नव्या मॉडेलची किंमत उतरली की जुनीची लगेच पडते, हे इथे आम्ही पाहिलंय.

आता पार्किंग. मी राहते ती इमारत बोरेट्सलाग आहे, म्हणजे आपल्याकडची सहकारी सोसायटी. तळघरात प्रत्येक जागेपाशी भिंतीवर एक लहानसा बॉक्स आहे. संध्याकाळी घरी आलं की केबल जोडायची आणि वर जायचं. सगळ्या गाड्यांना एकदम पूर्ण वीज मिळत नाही. इमारतीच्या जोडणीवर किती भार आहे ते बघून यंत्रणा वीज वाटत राहते, कुणाची गाडी अकराला सुरू होते, कुणाची तीनला. सकाळी सात वाजता सगळ्या भरलेल्या असतात. त्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर लागला नाही. मुख्य म्हणजे चार्जर लावायला मला कुणाची मनधरणी करावी लागली नाही. मालकीच्या फ्लॅटच्या इमारतींसाठी 2018 मध्ये आणि बोरेट्सलागसाठी 2021 मध्ये कायदा झाला: रहिवाशाने चार्जिंग मागितलं तर ठोस कारण असल्याशिवाय कमिटीला नाही म्हणता येत नाही.

दादाच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, मीटर जिन्याखाली, आणि त्याची जागा तिथून चाळीस फुटांवर. त्याने विचारलं तर सेक्रेटरींनी आगीची भीती सांगितली, दुसरे म्हणाले सगळ्यांनी मागितलं तर लोड कुठून आणणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे: वेगळी जोडणी, योग्य जाडीची केबल, एमसीबी-आरसीसीबी (जास्त भार किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच), चांगलं अर्थिंग आणि भार वाटणारी यंत्रणा. राज्याच्या 2021 च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत किमान 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं. पण पुण्यातली बहुतेक माणसं जुन्या इमारतींत राहतात. अटल सेतूवरची इलेक्ट्रिक गाड्यांची टोलमाफी त्यांच्या जिन्याखालच्या मीटरपर्यंत पोचत नाही. सरकारकडे काही मागायचंच असेल तर मी हा चार्जिंगचा हक्क मागेन.

कोळशाचा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊ नये. भारतात एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरला त्यातून अकरा-बारा किलो होतात, पेट्रोल गाडीचे पंधराच्या वर. फायदा आहे, पण नॉर्वेइतका नाही. शिवाय पुण्यातला धूर कमी होताना चंद्रपूरच्या वीज केंद्राशेजारी राहणाऱ्यांचा होत नाही. इथे नॉर्वेत सहसा रात्रीची वीज स्वस्त असते. महाराष्ट्रात सौर वीज दुपारी मुबलक असते आणि तेव्हा गाड्या हिंजवडीच्या ऑफिसखाली उभ्या असतात. चार्जर तिथे हवेत.

दादाला मी सांगितलंय: बुकिंग थांबव. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची आहे. आणखी तीन-चार जणांना बरोबर घे, महावितरणकडून मंजूर भार किती आहे ते काढ, इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण पार्किंगचं एकच अंदाजपत्रक घे आणि विषयपत्रिकेत लेखी विषय टाक. ठराव झाला तर गाडी घे. नाही झाला तर या वर्षी पेट्रोलवरच चालव आणि पुढच्या सभेला पुन्हा मांड.