हिरड्यांतलं रक्त आणि बाळाचा मेंदू: त्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय, 'प्रत्येक होणाऱ्या आईने वाचावे' अशा मथळ्याचा. रामबागेतल्या कुणी तो सुदामा नगरातल्या नणंदेला पाठवला, तिने भिशीच्या ग्रुपवर टाकला, असं करत तो माझ्याकडे चार वाटांनी आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गरोदर बाईच्या हिरड्यांतून रक्त आलं की विष बाळाच्या मेंदूपर्यंत पोचलंच, मूल मंदबुद्धी किंवा ऑटिस्टिक होतं, हे परदेशात सिद्ध झालंय. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढतं, त्यामुळे एक लेकरू म्हणजे एक दात गेलाच. रक्त येत असेल तर ब्रश बंद करून बोटाने मंजन लावावं. आणि नऊ महिने दातांच्या डॉक्टरची पायरी चढू नये. शेवटी, 'पुढे पाठवा, एका बाळाचा मेंदू वाचेल.'

मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे पायरी चढू नये म्हणतात ती माझीच. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

'परदेशात सिद्ध झालंय' यापासून सुरुवात करते, कारण त्यात थोडा खरा अंश आहे आणि म्हणूनच लोकांना ते पटतं. १९९६ साली अमेरिकेत स्टीव्हन ऑफेनबाकर आणि सहकाऱ्यांनी १२४ स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांची बाळं अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची होती, त्यांच्यात हिरड्यांचा जुनाट आजार बराच जास्त आढळला. संशय रास्त होता. हिरड्या दातापासून सुटल्या की मधे खोल खिसे तयार होतात. तिथले जंतू चावताना, ब्रश करताना रक्तात शिरतात, आणि सुजेमुळे तयार होणारी रसायनंही रक्तातून गर्भाशयातल्या वारेपर्यंत जाऊ शकतात. २०१० साली अमेरिकेतलंच एक प्रकरण प्रसिद्ध झालं: पूर्ण दिवसांचं बाळ पोटात दगावलं आणि त्याच्या शरीरात सापडलेला जंतू आईच्या तोंडातल्या जंतूशी जुळला. गाभण उंदरांना हिरड्यांच्या आजाराच्या जंतूंची लागण करून पिल्लांच्या शिकण्यावर परिणाम दिसल्याचे प्रयोगही आहेत. शिवाय बाळ लवकर जन्मलं तर मेंदूचं नुकसान होऊ शकतं, हे तर वेगळ्याने सांगायलाच नको. ३५व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतं.

एवढं वाचून फॉरवर्ड लिहिणारा थांबला. शास्त्रज्ञ थांबले नाहीत. ज्या घरात दातांसाठी पैसा आणि वेळ नसतो, तिथे बहुतेक वेळा आईच्या ताटातही कमीच असतं, हिमोग्लोबिन कमी असतं, तंबाखूही असते. मग दोष हिरड्यांचा की या सगळ्याचा? हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे निम्म्या बायकांवर गरोदरपणातच उपचार करून बघणं. तसंच केलं. ८२३ गरोदर स्त्रियांचा हा अभ्यास २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अर्ध्या जणींच्या हिरड्यांची खोल सफाई २१व्या आठवड्याच्या आत केली, बाकीच्यांची बाळंतपणानंतर. हिरड्या सुधारल्या. पण लवकर बाळंतपणाचं प्रमाण उपचार झालेल्यांत १२ टक्के राहिलं आणि न झालेल्यांत १२.८. हा फरक नाही म्हणण्याइतकाच. नंतरच्या मोठ्या चाचण्यांतही चित्र फारसं बदललं नाही.

आणि मेंदू? त्याच स्त्रियांची ४११ मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांचं आकलन, भाषा आणि हालचाली तपासल्या. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आईवर गरोदरपणी उपचार झाले की नंतर, यावरून मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. ज्या आयांच्या हिरड्या जास्त सुधारल्या त्यांच्या मुलांचे आकलनाचे आणि हालचालींचे गुण किंचित जास्त निघाले, पण किंचितच. या धाग्यावर अजून काम व्हायला हवं. पण याला 'सिद्ध झालंय' म्हणणं म्हणजे पहिल्या षटकावरून सामना जिंकल्याचे पेढे वाटणं. आमच्या धंद्यातलेही काही जण 'क्लीनिंग करून घ्या, बाळ वेळेवर होईल' म्हणून पेशंट खेचतात. या आकड्यांपुढे तेही टिकत नाही.

शिवाय या सगळ्या चाचण्या हाडापर्यंत पोचलेल्या आजाराच्या होत्या. फॉरवर्ड बोलतोय नुसत्या रक्ताबद्दल. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्यांत रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवरच्या साध्या चिकट थरालाही त्या जोरात प्रतिक्रिया देतात. दुसऱ्या महिन्यापासून सूज दिसायला लागते, आठव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते, बाळंतपणानंतर उतरते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या मते ६० ते ७५ टक्के गरोदर स्त्रियांना ही सूज असते. फॉरवर्ड खरा असता तर वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मंदबुद्धी निघायला हवी होती.

ऑटिझमबद्दल एकच सांगते. त्याच भिशीच्या ग्रुपमध्ये एका चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची आई आहे. तिने मला रात्री मेसेज केला: 'ताई, माझ्याही हिरड्यांतून तेव्हा रक्त यायचं. त्यानेच झालं का?' ऑटिझममध्ये मोठा वाटा जनुकांचा असतो, आणि आईच्या हिरड्यांमुळे तो होतो असं कुठल्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही. पुढे पाठवणाऱ्यांनी आपला मेसेज कोण-कोण वाचतंय, एवढं तरी बघावं.

आता ब्रश बंद करण्याचा सल्ला. खालच्या पुढच्या दातांच्या मागून जिभेचं टोक फिरवून बघा. खरखरीत कड लागली तर ते कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर. गरोदर पेशंटच्या तोंडात मी हमखास बघते ते असं: ज्या बाजूला रक्त येतं ती बाजू बाई घाबरून ब्रश करायची सोडते, मग तिथे पिवळट थर साचतो, हिरडीची कड तांबडीलाल आणि फुगीर होते, आणि रक्त वाढतं. मऊ ब्रश, दोन वेळा, रक्त आलं तरी. आठ-पंधरा दिवसांत बहुतेकींचं कमी होतं. उलट्या होत असतील तर लगेच ब्रश करू नका, पोटातल्या आम्लाने दात मऊ झालेले असतात. पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश. आणि डोहाळे म्हणून रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जलेबी-रबडी झाली असेल, तर निजण्याआधी ब्रश कराच.

कॅल्शियमचं लवकर आटपते. बाळाला ते आईच्या आहारातून मिळतं, कमी पडलं तर आईच्या हाडांतून. दातांतून ते परत काढून घ्यायची सोयच शरीरात नाही. दात किडतात ते आम्लामुळे आणि येता-जाता खाण्यामुळे.

'पायरी चढू नका' हा सल्ला मात्र सगळ्यात घातक. गरोदरपणात दातांचे उपचार सुरक्षित आहेत, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. त्यात लिग्नोकेनची भूल आली आणि गरज पडली तर पोटावर शिशाचा एप्रन घालून काढलेला एक्स-रेही. चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायला सोयीचा. पुढे उताणं निजलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते, म्हणून आम्ही उजव्या कमरेखाली उशी देऊन थोडं डावीकडे कलवतो. गालफड सुजलं असेल तर महिना बघायचा नाही, यायचं. जी येत नाही ती काय करते? मेडिकलवाल्याकडून आयबुप्रोफेन घेते, जी विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. किंवा घरातली जुनी टेट्रासायक्लिन, जिने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. खासगीत परवडत नसेल तर इंदूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे.

मेंदू वाचवायचाच असेल, तर ज्या गोष्टींबद्दल वाद नाही त्या या: बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणून फोलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून हवं. आयोडीनचं मीठ. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फोलिकच्या गोळ्या, किमान १८० दिवस, उशीखाली न साठवता. आणि तंबाखू बंद. 'बोटाने मंजन' सांगणाऱ्या फॉरवर्डमध्ये मशेरीचं नावही नाही. मुंबईतल्या बायकांच्या २००४ सालच्या अभ्यासात मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. सासूबाईंच्या मंजनाची डबी उघडून वास घ्या. तंबाखू निघाली तर ती डबी दोघींसाठीही बंद.