काडतुसांच्या जुन्या तक्त्यांबाबत खुलासा
जळगाव-धुळ्याच्या नेमबाजांमध्ये सध्या असा संदेश फिरतो आहे की, काडतुसात दारू किती भरावी याचे जुने परदेशी तक्तेच खरे असून, नव्या पुस्तकांत कंपन्यांनी केवळ कोर्टकचेरीच्या भीतीने दारूचे आकडे कमी केले आहेत. हे बरोबर नाही. पूर्वी तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून दाब काढत, त्यामुळे क्षणभर उसळणारा दाब नेमका पकडला जात नसे. आता सेन्सर क्षणाक्षणाची नोंद करतो, म्हणून काही ठिकाणी दारूचे प्रमाण कमी केले गेले. पॉइंट 308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा तांब्याच्या एककात 52,000, तर नव्या पद्धतीत 62,000 पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) छापतात. दाबाचा आकडा चढला, काडतूस मात्र तेच. शिवाय एकाच नावाच्या दारूचा प्रत्येक घाणा सारखा नसतो. (वकिलांची धास्ती अगदीच नसेल असे नव्हे, पण सगळे खापर तिच्यावर फोडता येत नाही.) आपल्याकडे तर 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार विनापरवाना काडतूस तयार करणे हाच गुन्हा आहे. तरी तो संदेश कृपया कोणीही पुढे पाठवू नये.