जुना प्रोग्रामर निकालात काढण्याचे खात्रीचे उपाय

आपल्या कचेरीत पन्नाशी ओलांडलेला एखादा प्रोग्रामर अजून उरला असेल तर घाबरून जाऊ नये. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत हा उपद्रव थोडाफार सगळीकडेच आहे आणि त्यावर इलाज आहेत.

सर्वप्रथम त्याला ‘काका’ म्हणावे.

मे महिन्यात त्याची खुर्ची पश्चिमेच्या काचेला लावून ठेवावी.

“हे आपण पूर्वी करून पाहिले आहे,” असे तो म्हणाला रे म्हणाला, की बैठक आटोपून सगळ्यांनी तर्री-पोहे खायला खाली उतरावे.

खरा रामबाण उपाय मात्र त्याच्या कोडमधील कॉमेंट, म्हणजे कोडशेजारी लिहून ठेवलेल्या टिपा, पुसण्याचा. 1999 साली एका पतसंस्थेच्या, कोबॉल या जुन्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये, त्या काळच्या प्रघाताप्रमाणे, मी मुदतीच्या तारखेला एक सीमा घातली होती: वर्षाचे दोन आकडे 00 ते 29 असतील तर आधी 20 लावायचे आणि 30 ते 99 असतील तर 19. ही मलमपट्टी होती, म्हणून 2024 मध्ये मीच ती सीमा 60 वर नेली आणि शेजारी लिहिले, “मागे नेऊ नये, पाच वर्षांच्या ठेवी आता 2030 गाठतील.” हा प्रोग्राम जावा या नव्या भाषेत उतरवताना आपल्या चपळ चमूने 1999 ची प्रत उचलली, कारण म्हणे ती सुटसुटीत होती! गेल्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या हाती नव्या ठेवीची पावती पडली, तिच्यावर मुदत संपल्याचे वर्ष होते 1930. तीन दिवस चमूने सर्व्हर वाढवले, डेटाबेस बदलण्याचा प्रस्तावही मांडला, आणि चौथ्या रात्री साडेअकराला मला फोन आला, “काका, जरा बघता का?” एक आकडा बदलायला मला दहा मिनिटे लागली. सकाळच्या ईमेलमध्ये तरुण चमूच्या तत्परतेचे कौतुक होते आणि मला ‘बदलत्या काळाची मानसिकता’ या प्रशिक्षणाला बसण्याची सूचना होती.

पुरे झाले उपाय. दुसऱ्याने लिहिलेली दोन ओळींची सूचना वाचायचा ज्यांना कंटाळा, त्यांनी लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवींना हात लावू नये. त्या पोरांना तरी काय बोलणार? साहेब, जुने कोड वाचायला तुम्ही त्यांना कधी एक दिवस दिला नाहीत, शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, असेही कधी सांगितले नाहीत. 19 जानेवारी 2038 रोजी आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंद होतील, आणि जे प्रोग्राम 1970 पासूनचे सेकंद अजून 32 बिटांत मोजत आहेत त्यांची जागा तिथे संपेल आणि ते पुढच्याच सेकंदाला डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडतील. आपल्या कोडमध्ये अशा जागा कुठे कुठे आहेत, त्याची चौदा पानांची यादी मी दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे पाठवली आहे. प्रशिक्षणाचे नंतर बघू, आधी ती फाईल उघडा.