200 मीटरवर उजवीकडे वळा

गाडीत कोणी कुठे बसायचं हा वाद आमच्या घरात केव्हाच मिटला. बाबा पुढे, कारण त्यांचे गुडघे. मुलगी मागे खिडकीशी, कारण ती मुलगी. बायको तिच्या शेजारी, पिशव्यांमध्ये जिथे फट उरेल तिथे. मी चालवतो, त्यामुळे माझं मत विचारायचा प्रश्नच येत नाही. आता भांडण उरलंय ते एकच: स्पीकरला फोन कोणाचा जोडायचा.

खुद्द गाडीचा कल उघडपणे बायकोकडे आहे. चावी फिरवली की ती आधी तिचाच फोन शोधते, मग ती घरात का असेना. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर आणि आमची गॅलरी बरोबर गाडीच्या डोक्यावर. परवा सहलीला निघताना मी खाली गाडी सुरू करून बसलो, तर चारही स्पीकरांतून मेहुणीचा आवाज आला, "पण भावजींना काय कळतंय त्यातलं?" वर बायको हॅलो हॅलो करतेय, कारण तिच्या हातातल्या फोनचं बोलणं आता माझ्याकडे होतं.

"काहीच नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

पलीकडे क्षणभर शांतता आणि मग फोन बंद.

या ब्लूटूथला नाव दिलंय ते दहाव्या शतकातल्या एका राजाचं. डेन्मार्कचा हॅराल्ड, टोपणनाव ब्लूटूथ. त्याच्या नावाच्या दोन आद्याक्षरांची जुनी लिपीचिन्हं एकमेकांत गुंफली की ते आपल्या फोनवरचं निळं चिन्ह होतं. त्याने म्हणे विखुरलेल्या लोकांना एका छत्राखाली आणलं. असेल. त्याच्या छत्राखाली आमच्यासारखी चार माणसं एका गाडीत, काचा वर करून बसलेली नसणार.

न्याय व्हावा म्हणून मी चाळीस गाण्यांची यादी केली होती. प्रत्येकाची दहा, आणि शफल. पहिली चार गाणी लागोपाठ मुलीची लागली. बायकोने माझ्याकडे आरशातून अशा नजरेने पाहिलं, की जणू मतमोजणीच्या खोलीत मी एकटाच होतो. मी समजावू लागलो, की खरी सरमिसळ अशीच असते, फाशाला पाळी कोणाची ते कळत नाही, एकाच माणसाची गाणी ओळीने येऊ शकतात. आयपॉडच्या काळातही लोकांना यात लबाडी दिसायची. शेवटी ॲपलने 2005 मध्ये अशी गाणी लांबलांब टाकायची सोय दिली. म्हणजे नशीब थोडं कमी केलं, तेव्हा कुठे लोकांना ते नशीब वाटलं.

"बाबा, तुम्ही रस्त्याकडे बघा," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात आजोबांनी फर्माईश केली. त्यांचं ते एक गाणं. त्याचं नाव त्यांना आठवत नाही, गायिका आठवत नाही, चाल मात्र लख्ख. गुणगुणलेलं ओळखायची सोय हल्ली फोनात असते, म्हणून मुलीने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. पहिल्यांदा फोनला ती चाल कुठल्याशा बडबडगीताची वाटली. दुसऱ्यांदा "पुन्हा प्रयत्न करा". बाबा दुखावले. मग बायकोने त्यांना धृपदाचे शब्द विचारले, ते टाइप केले, आणि दहा मिनिटं खाली खाली जात अखेर काढलंच शोधून. कोणा भल्या माणसाने जुन्या तबकडीवरून चढवलेलं, चित्र म्हणून एका फुलदाणीचा फोटो, आजवर ऐकणारे 312.

गाणं लागलं. बाबांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला. दुसरं कडवं आलं आणि ठेका थांबला.

"हे नव्हे."

"आजोबा, हेच आहे!"

"आहे हेच, पण मध्ये भलतंच काहीतरी घातलंय."

भलतं काही नव्हतं. तिथे गाण्याची एक अख्खी ओळ होती. बाबांच्या कॅसेटमध्ये ती नव्हती. माझ्या लहानपणी टेपरेकॉर्डरने ती कॅसेट खाल्ली होती; बाबांनी चुरगळलेली फीत वीतभर कापून टाकली आणि टोकं चिकटपट्टीने जोडली. पेन्सिल घालून ती रीळ हळूहळू गुंडाळताना त्यांनी श्वास रोखलेला मला आठवतोय. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभरात गेली पाचेक सेकंदं. तेव्हापासून ते गाणं आमच्या घरी कडव्याच्या मध्यावरून उडी मारून थेट धृपदावर येतं. बाबा न्हाणीघरातही तसंच म्हणतात. मीही तसंच म्हणतो. खरं सांगायचं तर ती ओळ ऐकून मलाही जरा परक्यासारखं वाटलं.

"परत लाव, नीट वाजतंय का बघू," बाबा म्हणाले. जणू दोष सुईचा होता.

परत लावलं. दुसरं कडवं आलं, ओळ मध्यावर पोचली, आणि त्याच फोनवर रस्ता दाखवणाऱ्या बाईंनी गाण्याचा गळा दाबून खणखणीत आवाजात सांगितलं, "200 मीटरवर उजवीकडे वळा." बाईंचं बोलून झालं तेव्हा धृपद सुरू झालं होतं.

"हां!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं बरोबर आलं!"

परतीच्या वाटेवर यादी, शफल, न्याय सगळं गुंडाळून ठेवलं आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. रस्ता ओळखीचा होता, त्यामुळे बाईंना सुट्टी दिली होती. दुसरं कडवं आलं तशी गाडीत एकदम शांतता झाली. ओळ मध्यावर आली आणि मागून मायलेकी, पुढून बाबा, तिघंही एका सुरात ओरडले, "200 मीटरवर उजवीकडे वळा!"

आणि मी वळलो.