२० ते ५० केबी

भाची डोंबिवलीहून आली ती पिशवीत आईने दिलेले कुळीथ आणि मोबाइलमध्ये स्वतःचा एक फोटो घेऊन. कुठल्याशा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख उद्याची. अट अशी की फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी. फोटो होता चार एमबीचा. म्हणजे अख्खं वऱ्हाड एका रिक्षात बसवायचं.

"मामा, मोबाइलवर अ‍ॅप आहे त्याचं. दोन मिनिटांत होईल."

"घरात डेस्कटॉप असताना मोबाइलवर?" मी म्हणालो. हे वाक्य पुढे मला बरेच दिवस ऐकवलं गेलं.

आमचा डेस्कटॉप लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला आहे. जुळवणारा मुलगा जाताना म्हणाला होता, "सगळं टाकून दिलंय, काका." त्या 'सगळं'मध्ये काय काय आहे, याचा शोध अजून चालू आहे. फोटो लहान करायचं काहीतरी असणारच, पण नेमकं कुठलं, ते सकाळी लोकलगाडीत विचारू असं ठरवून मी झोपलो. इथेच चुकलं.

मुलुंडला गाडीत चढून नुसता विषय काढायचा अवकाश, रोजची सगळी मंडळी, चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेल्यासकट, जागी झाली. एरवी ही मंडळी विंडोजबद्दल किंवा एक्सेलबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ती मोठी सॉफ्टवेअरं ऑफिसने लावून दिलेली, घरच्यांनी ठरवलेल्या स्थळासारखी. बरी-वाईट, निभावून न्यायची. पण ही छोटी छोटी सॉफ्टवेअरं ज्याने त्याने स्वतः शोधून, पळवून आणलेली असतात. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द खपवून घेतला जात नाही.

घाटकोपरपर्यंत एकांचं इरफानव्ह्यू, म्हणजे फोटो बघायचं सॉफ्टवेअर, चाललं. "१९९६ पासून आहे! बोस्नियात जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला एक मुलगा, त्याने एकट्याने केलंय. घरगुती वापराला फुकट. क्षणात उघडतं." पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलवर त्याचं चिन्हही दाखवलं. गाडीखाली येऊन चपटी झालेली लाल मांजर! समोरचे गृहस्थ म्हणाले, "मांजर आडवं गेलं तरी आपण दोन पावलं मागे येतो. हे तर कायमचंच आडवं झालंय."

कुर्ल्याला एकाने सुचवलं, "फोटो झिप कर, लहान होईल." त्यावर दाराशी लटकलेल्या एका अनोळखी माणसाने आत डोकं घालून सांगितलं, की जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, आधीच दाबलेली असते. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून किती पाणी निघणार? हे मला फार पटलं. पण झिपवाला विनरार या फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचा भक्त निघाला आणि दादरपर्यंत त्यानेच किल्ला लढवला. विनरार ४० दिवस वापरून बघायला मिळतं, मग पैसे भरा म्हणतं. नाही भरले तरी चालत राहतं. याच्याकडे ते ४० दिवस कॉलेजपासून चालू आहेत. पूर्वीचा नाक्यावरचा वाणी असाच होता. उधारीची आठवण रोज करून द्यायचा आणि तांदूळही रोज द्यायचा. "मग पैसे भरून का टाकत नाहीस?" असं मी विचारलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी भायखळ्यापर्यंत गप्प बसलो.

संध्याकाळी घरी येऊन एक भलतंच, कुणीही न सुचवलेलं सॉफ्टवेअर उतरवायला बसलो. पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार हिरवी बटणं होती. तीन खोटी, एक खरं. मी जे दाबलं त्यातून फोटोचं काही आलं नाही, आला तो संगणक साफ करून देणारा कोणी एक स्वयंसेवक. त्याने दहा सेकंदांत माझ्या संगणकात १,३४२ दोष काढले आणि ते दुरुस्त करायचे पैसे मागितले.

"अहो, आपल्या बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्येही एवढे निघाले नव्हते," बायको म्हणाली.

त्याला हुसकावून लावण्यात तासभर गेला. त्यानंतर मी थोडा वेळ नोटपॅड उघडून नुसता बसलो. मला ते उघडलं की बरं वाटतं. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून ते आहे आणि माझ्या लेखी नोटपॅड म्हणजे घरातली मोरी. बाहेरून आलेल्या मजकुराने आधी तिथे हातपाय धुवायचे, रंग-फॉन्ट-ठळकपणा सगळी घाण काढून टाकायची आणि मगच वर्डच्या दिवाणखान्यात यायचं. आता या मोरीत टॅब आले, शुद्धलेखन तपासणारे आले, मजकूर नव्याने लिहून देणारी एआय आली, ठळक-तिरपं करायची सोयसुद्धा आली. मोरीत गालिचा अंथरून वर झुंबर लावल्यासारखं झालं. २०२४ मध्ये विंडोज ११ मधून ठळक-तिरपं करता येणारं बिचारं वर्डपॅड काढून टाकलं, त्याच्या सामानाची सोय बहुधा इथे केली असावी.

नोटपॅडची एक खुबी मात्र मीच बायकोला शिकवली होती. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'लॉग' लिहून ठेवायचं. मग फाइल उघडाल तेव्हा त्या वेळेची तारीख आपोआप खाली उमटते. मधेच वेळ टाकायची असेल तर एफ-५. कामवाल्या बाईंच्या खाड्यांचा हिशेब ती त्यात ठेवते.

नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टच्या मेंटेनन्सचं विचारायला आले. आमचे चेहरे बघून म्हणाले, "पेंट आहे ना?" पेंट! विंडोजमधलं ते चित्रं काढायचं जुनं सॉफ्टवेअर! २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते मोडीत काढायच्या यादीत टाकलं होतं. लोकांनी असा गळा काढला की राहू द्यावं लागलं. काकांनी उभ्या उभ्या त्यातलं रीसाइझ, म्हणजे आकार बदलायची सोय, उघडलं, पंचवीस टक्के टाकलं, सेव्ह केलं. ६१ केबी. मग वीस टक्के. ४४ केबी. चहा न घेता निघूनही गेले.

सहीचं आम्ही आमच्या हिमतीवर करायला गेलो. वीस टक्के. नऊ केबी.

"मामा, कमीत कमी दहा हवेत."

दिवसभरात इतक्या लोकांनी इतके सल्ले दिले, पण एक केबी वाढवायचा कसा, हे एकानेही सांगितलं नव्हतं. सगळी दुनिया लहान करणारी. मी म्हणालो, जाड पेनाने सही कर. मग म्हणालो, आडनाव पूर्ण लिही. शेवटी भाचीनेच मूळ सही पुन्हा उघडून बावीस टक्के टाकलं आणि रात्री पावणेबाराला फॉर्म गेला.

महिनाअखेरीला बाईंचा पगार काढायला मी ती खाड्यांची फाइल उघडली. तीन तारखेला बाई आल्या नव्हत्या. नऊ तारखेला अर्धा दिवस. त्याखाली चौदा तारीख होती.

रात्री ८.१० – हे म्हणाले, पाच मिनिटांत होतं.

रात्री ८.५५ – हे म्हणाले, पाच मिनिटांत होतं.

रात्री ९.२० – काका आले. झालं.

रात्री १०.४० – हे सही जाड पेनाने करायला सांगतायत. कुळीथ भिजत घातले.