साओ पाउलोत गाईडचे पैसे कुठे वसूल होतात

नवऱ्याच्या कामानिमित्त साओ पाउलोला जाऊन आल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय: "एक दिवस मोकळा आहे, प्रायव्हेट गाईड घ्यावा का?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

घ्या. पण एजन्सी जो कार्यक्रम पाठवते तो जसाच्या तसा मान्य करू नका. मास्प म्युझियम, इबिरापुएरा पार्क, भिंतींवरच्या चित्रांची बॅटमन गल्ली, मोठं मार्केट... प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, परत गाडीत बसा. एक कोटीहून जास्त वस्ती असलेल्या शहरात यातला बराचसा दिवस सिग्नलला जातो. शिवाय तिथे १९९७ पासून गाडीच्या नंबरचा नियम आहे. शेवटचा आकडा १ किंवा २ असेल तर सोमवारी सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ मधल्या भागात गाडी आणायची नाही, ३-४ वाल्यांनी मंगळवारी, असं शुक्रवारपर्यंत. आमच्या गाईडने बुकिंग घेताना आधी वार विचारला, मग कोणती गाडी आणायची ते ठरवलं. तुमचा गाईड याबद्दल काहीच बोलला नाही, तर तुम्ही विचारा.

आम्ही सरळ सांगितलं, गाडी कमी, पाय जास्त, आणि अख्खी सकाळ जुन्या शहरात. माझ्या मते गाईडचे पैसे तिथेच वसूल होतात, आणि त्याचं पहिलं कारण अगदी रोखठोक आहे. जुनं शहर एकट्याने रमतगमत फिरण्यासारखं राहिलेलं नाही. आम्ही गेलो तेव्हा से चौकात कॅथेड्रलसमोर बेघर लोकांचे तंबू होते, लूझ स्टेशनच्या बाजूला नशेत बसलेले घोळके. कुठल्या गल्लीतून जायचं आणि कुठली टाळायची हे नकाशात कळत नाही. फोटो काढून झाला की आमच्या गाईड बाई मला फोन लगेच पर्समध्ये टाकायला लावायच्या. शाळेत असल्यासारखं वाटलं, पण ऐकलं.

दुसरं कारण असं की या शहराने आपलं जुनं जवळजवळ सगळं पाडलंय, म्हणून सांगणारं कुणी लागतं. २५ जानेवारी १५५४ ला जेझुइट पाद्र्यांनी जिथे शाळा काढली आणि गावाला सुरुवात झाली, त्या पातियो दो कोलेजियोला आज पांढरी स्वच्छ इमारत दिसते, ती विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली. जुन्या चोपलेल्या मातीच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा राखलाय. फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला १५४२ ला. त्याच्याच जेझुइट संघाची माणसं बारा वर्षांनी या टेकडीवर शाळा काढत होती. गोवा पाहिलेल्या माणसाला इथे थोडं थबकायला होतं.

आणि मग लिबेरदाजी. सगळ्या पर्यटकांना हा भाग 'जपानी मोहल्ला' म्हणूनच माहीत असतो. लाल खांबांवरचे कंदील, लाल तोरी कमान, रामेन नूडल्ससाठी रांगा. तेही खरंच आहे. १८८८ ला गुलामगिरी संपली, कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १९०८ च्या जूनमध्ये 'कासातो मारू' जहाजातून ७८१ जपानी सांतोस बंदरात उतरले. मळ्यांतून शहराकडे आलेल्यांना इथली तळघरं स्वस्त भाड्याने मिळाली. आम्ही एकटे गेलो असतो तर इथपर्यंतच वाचून, मोची नावाची तांदळाची जपानी मिठाई खाऊन परत आलो असतो.

गाईड बाईंनी आम्हाला एका बंद गल्लीच्या टोकाला नेलं. दुकानांच्या मागच्या भिंतींत दडपलेलं एक इवलंसं चॅपल, आफ्लितोस, म्हणजे पीडितांचं. ते १७७९ चं. त्याच्याभोवती गुलाम, आदिवासी आणि फाशी गेलेल्यांची दफनभूमी होती, आणि आजच्या चौकात फाशीचा खांब. १८२१ ला शागिन्यास नावाच्या शिपायाला पगाराच्या बंडाबद्दल तिथे फासावर चढवलं. दोर तुटला. पुन्हा चढवलं, पुन्हा तुटला. जमाव 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य', म्हणजे 'लिबेरदाजी', ओरडू लागला असं सांगतात. तरी मारलाच त्याला. लोकांनी मग त्याला संत करून टाकलं, चर्चने नव्हे. भाविक चॅपलच्या लाकडी दारावर तीनदा ठोठावतात आणि नवस चिठ्ठीवर लिहून ठेवतात. २०१८ ला शेजारच्या बांधकामात नऊ जणांचे सांगाडे निघाले. त्याच वर्षी मेट्रो स्टेशनच्या नावात 'जपान' जोडलं गेलं, तेव्हा कृष्णवर्णीय रहिवासी चिडले नसते तरच नवल. बाई हे सगळं आवाज न चढवता सांगत होत्या आणि मधेच म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या शाळेत यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

शाकाहारींच्या खाण्याची काळजी नको. रस्त्यावर आठवडी बाजार लागतो, त्याला फेइरा म्हणतात. तिथे पास्तेल नावाचा चौकोनी, पातळ, फुगलेला, आत चीज भरलेला तळलेला प्रकार मिळतो आणि त्याच्या जोडीला चक्क उसाचा रस! पहिला घास कोपऱ्यातून छोटा घ्या, आतली वाफ जीभ भाजते. मोठ्या मार्केटचं ते प्रसिद्ध मोर्तादेला (मांसाच्या सॉसेजचं) सँडविच आपल्या कामाचं नाही, पण रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी एक चक्कर मारा.

एक गोष्ट मात्र मला दुपारी उशिरा लक्षात आली. होर्डिंग कुठेच नाहीत. २००७ पासून जाहिरात फलकांवर बंदी आहे, दुकानांच्या पाट्यांनाही मापं ठरलेली. वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली दबलेल्या आमच्या चौकातून गेलेल्या मला तर क्षणभर शहर अर्धवट वाटलं.

आता गाईडशिवाय काय करायचं ते. पाउलिस्ता रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, मेट्रोने जा. लोक नाचतात, गातात, सायकली चालवतात, तिथे कुणी समजावून सांगायची गरज नाही. मास्पही स्वतःच बघा. वास्तुकार लीना बो बार्दींनी ७० मीटरहून लांब इमारत चार खांबांवर उचलून खाली जागा मोकळी सोडलीय, आणि वर चित्रं भिंतीवर नाहीत, काचेच्या उभ्या फलकांवर आहेत. माहिती मागच्या बाजूला. म्हणजे आधी चित्र, मग नाव. कोपानच्या तळमजल्यावर कॉफी प्या, ११६० घरांची ती नागमोडी इमारत आतून कशी रोजच्या वापरात आहे ते कळेल.

बॅटमन गल्ली वेळ उरला तरच. भिंती छान आहेत, पण फोटोसाठी पोझ देणाऱ्यांच्या मागे उभं राहूनच त्या बघाव्या लागतात.