वजन किती घटलं यापेक्षा कुठून घटलं ते बघा

‘७०० हॉर्सपॉवरच्या गाडीत ३० किलो कमी झाल्याचं कुणाला कळणार? शेजारच्या सीटवर कुणाला बसवू नका, त्याहून जास्त वजन वाचेल’ हा पोर्शच्या वायझाख पॅकेजवरच्या (गाडी हलकी करणाऱ्या, जादा पैसे मोजून घ्यायच्या भागांच्या संचावरच्या) लेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. शेजारी बसलेल्या माणसाचं वजन सस्पेन्शनच्या वर, गाडीच्या जवळपास मध्यावर असतं. पोर्श ९११ जीटी२ आरएसच्या वायझाख पॅकेजमध्ये जे साधारण ३० किलो वाचतात, त्यातले ११ किलोहून जास्त एकट्या मॅग्नेशियमच्या चाकांचे, म्हणजे सस्पेन्शनच्या खालचे आहेत. चाक हलकं झालं की खड्ड्यावरून, ट्रॅकच्या उंचवट्याच्या कडेवरून (कर्बवरून) गेल्यावर टायर लवकर रस्त्याला टेकतो आणि पकड परत मिळते. शिवाय चाक फिरवायला आणि थांबवायलाही कमी जोर लागतो. कार्बनचं छप्पर आणि टायटॅनियमचा रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) यांनी वजन घटतं ते वरच्या बाजूचं, म्हणजे गुरुत्वमध्यही खाली येतो.

ट्रॅकवर मी स्वतः फक्त हलकी चाकं बसवून फरक अनुभवलाय, टायर तेच ठेवून. वळणात शिरताना स्टिअरिंग लगेच बोलायला लागतं! स्टॉपवॉचवर तो फरक छोटा दिसेल, पण हातांना पहिल्याच लॅपमध्ये कळतो. पॅकेजची किंमत अवाच्या सवा होती हे मान्य. पण २०१३ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर ६ मिनिटं ५७ सेकंदांची वेळ देणारी पोर्शचीच ९१८ स्पायडरही वायझाख पॅकेजची होती, आणि तिचा लेखात साधा उल्लेखही नाही.